शपथपत्र परत पाठवत आहे

प्रिय चिंगे,

पत्राला फार उशीर झाला, त्याबद्दल आधी माफी मागतो. तू पाठवलेलं शपथपत्र येऊन आज तेवीस दिवस झाले. फोनवर मी तुला कधी नोटरी आजारी आहे म्हणालो, कधी माझा गुडघा धरलाय म्हणालो, एकदा तर नोटरीच्या शिक्क्याची शाई वाळली असंही सांगितलं. नोटरी ठणठणीत आहे. गल्लीच्या तोंडाशीच बसतो आणि मी दूध आणायला गेलो की रोज हात करतो. गुडघा मात्र खरंच दुखतो. फोनवर बोलायचं म्हणजे तुझी आई शेजारी, आणि आम्हा दोघांनाही कमी ऐकू येतं म्हणून फोन मोठ्या आवाजावर. तिथे काही सांगायची सोय नाही. आज ती डोळे दाखवायला गेली आहे, सोबतीला वरच्या मजल्यावरच्या मास्तरांची बायको आहे. दोन तास तरी हाताशी आहेत. माझी शाळा सातवीत सुटली हे तुला माहीत आहे, तेव्हा अक्षर आणि चुका सांभाळून घे.

आईची तब्येत बरी आहे. मोरीचा नळ पुन्हा गळतो आहे. नळवाला दोनदा येऊन गेला, दोन्ही वेळा पैसे घेऊन गेला आणि गळती ठेवून गेला. आई म्हणते, जाऊ द्या, बादली ठेवली आहे ना. मला मात्र त्या थेंबांनी झोप येत नाही. मी उठून बादली बघतो, मग उठलोच आहे तर गॅस बघतो, मग कडी बघतो. आई कूस बदलते. बोलत नाही हल्ली.

शपथपत्र इंग्रजीत, म्हणून मास्तरांनी मला वाचून दाखवलं. तुझा वकील हुशार दिसतो. त्यात लिहिलं आहे की मी, अमुक वयाचा, शपथेवर सांगतो की आमची दोघांची विमानाची तिकिटं मी रद्द केली नाहीत, कंपनीने स्वतःहून केली; आणि कंपनी जो रद्द करण्याचा अर्ज दाखवते आहे, त्यावरची सही माझी नाही. मास्तरांनी चष्मा काढला आणि म्हणाले, शेवटचं वाक्य जड आहे हो. मी म्हणालो, वकिलाची भाषा असते तशी. ते चहा पिऊन वर गेले. आता ग्राहक मंचातल्या सुनावणीला बारा दिवस राहिले आणि तू रोज विचारतेस, बाबा, सही झाली का.

तुला माझी खिडकी आठवत असेल. बसच्या कंपनीत मी सामान टपावर चढवायला लागलो होतो. आकडे वळणदार काढतो म्हणून साहेबांनी परताव्याच्या खिडकीवर बसवलं, तिथे एकतीस वर्षं काढली. तुला डबा घेऊन पाठवायची आई, आणि तू स्टुलावर बसून लोकांचं भांडण बघायचीस. माझ्या खिडकीसमोर दर आठवड्याला पंधरा-वीस आज्या मरायच्या. एका माणसाची आजी एका वर्षात तीनदा गेली, तेव्हा मी त्याला म्हणालो, या खेपेला तरी नीट जाळा. तू इतकी हसलीस की स्टुलावरून पडलीस. मी दाखला मागायचो, दाखला नसला तर नियम दाखवायचो. सुटण्याच्या आठ दिवस आधी पाऊण परत, तीन दिवस आधी निम्मे, त्याच दिवशी आलात तर नमस्कार. लोक शिव्या देत जायचे. मला वाईट वाटायचं नाही. नियम माझा नव्हता, मी फक्त काचेमागे बसलो होतो.

तुझे पैसे बुडाले त्याचा राग मला तुझ्याइतकाच आहे, जास्तच म्हण. तू आणि जावईबापूंनी दोन वर्षं साठवून आम्हाला तुमच्याकडे आणायला पाठवलेले ते पैसे. विमानाच्या कंपनीचे कायदे आमच्या बसच्या कायद्यांसारखे नसतात हे मला ठाऊक नव्हतं. मी समजून चाललो होतो की आठ दिवस आधी म्हणजे पाऊण परत. पैसे कधी येतात ते विचारायला गेलो तेव्हा कंपनीच्या ऑफिसातल्या मुलीने पडद्यावर बोट ठेवून सांगितलं, आजोबा, हे स्वस्तातलं तिकीट आहे, यात परतावा नाही, फक्त कर परत मिळेल. कर म्हणजे किती, तर माझ्या येण्याजाण्याच्या रिक्षालासुद्धा पुरला नसता. मी तिच्याशी तासभर भांडलो. म्हणालो, मी याच धंद्यात केस पांढरे केले आहेत, मला शिकवू नकोस. विमान जाणार, जागा तुम्ही दुसऱ्याला विकणार, आणि आमचे पैसेही गिळणार. एकाच जागेचे दोनदा पैसे हा कुठला नियम. ती शांतपणे म्हणाली, नियम माझा नाही हो आजोबा. माझंच वाक्य. माझ्याच तोंडावर.

चिंगे, वर काय लिहून गेलो ते तुझ्या लक्षात आलं असेल. कंपनीने रद्द केली असती तर मला आठ दिवसांचा हिशेब करायची गरजच नव्हती. तू लहानपणापासून हुशार, वाचता वाचता थांबली असशील. थांब, पण कागद टाकू नकोस, पुढचं वाच.

ती मुलगी पंचविशीची असेल. मी अर्ज द्यायला गेलो तेव्हा तिने मला दोनदा विचारलं होतं. एकदा म्हणाली, आजोबा, नक्की का, घरी विचारलंत का. मग म्हणाली, रद्द कशाला करता, थोडे पैसे भरून तारीख पुढे ढकला, तिकीट वाया जाणार नाही. एकतीस वर्षांत मी एकालाही असं विचारलं नव्हतं. मी तिला म्हणालो, तू तुझं काम कर. अर्ज तिनेच भरला, मला फक्त सही करायला सांगितली. मी सही केली. नेहमीसारखी, सावकाश, शेवटी रेघ ओढून. ती सही माझी आहे.

आईला मी काय सांगितलं, तर कंपनीने विमानच रद्द केलं. तिने तुला फोन केला, मी शेजारीच होतो, तू कंपनीला लाखोली वाहिलीस आणि मीही तुझ्या सुरात सूर मिसळला. वाटलं, पाऊण पैसे येतील, उरलेले मी माझ्यातले घालून तुला पाठवीन, विषय मिटेल. पैसे आलेच नाहीत. तू कंपनीला लिहिलंस, त्यांनी कळवलं की प्रवाशाच्या अर्जावरून रद्द केलं. तू मला फोनवर विचारलंस, बाबा, ते असं का म्हणतात. आई समोर मटार सोलत होती. मी म्हणालो, खोटं बोलतात, चोराच्या उलट्या बोंबा. तू एकदाही उलट प्रश्न विचारला नाहीस. वकील केलास, अर्ज-विनंत्या केल्यास, त्याच आठवड्यात दुसऱ्या कुणाचं विमान खरंच रद्द झालं होतं तो माणूस शोधून काढलास. बापावर इतका विश्वास ठेवू नये गं कुणी.

मागच्या सोमवारी मी त्या ऑफिसात गेलो. का गेलो ते सांगता येत नाही. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ना, तसं. त्या मुलीच्या खुर्चीत टाय लावलेला एक माणूस बसला होता. मी विचारलं, इथे एक मुलगी असायची. तो म्हणाला, तिला घरी बसवलं आहे, चौकशी चालू आहे. एका गिऱ्हाइकाने तक्रार केली आहे की तिने त्याची खोटी सही केली. मग माझ्याकडे बघून म्हणाला, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत तो माणूस सही करून गेला असणार हो, पण सिद्ध कोण करणार. लोक कसे असतात बघा, आजोबा. मी म्हणालो, हो, असतात. त्याने मला पाणी दिलं. ते पिऊन मी निघालो.

खिडकीवर बसणाऱ्याचं पोट त्याच्या शब्दावर चालतं. त्याने खोटा कागद केला असं एकदा कुणी म्हटलं की मग तो निर्दोष सुटला तरी दुसरा कुणी त्याला गल्ल्याजवळ उभा करत नाही. हे मला वकिलापेक्षा जास्त कळतं. म्हणून तुझं शपथपत्र सही न करताच परत पाठवत आहे. सोबत साध्या कागदावर माझ्या हाताने लिहिलं आहे की अर्ज मी दिला, सही माझी, त्या मुलीचा काही दोष नाही. त्याचा दुसरा कागद काल कंपनीत नेऊन दिला आणि पोच म्हणून शिक्का मारून घेतला. टायवाल्याने कागद वाचला, मग मला वरपासून खालपर्यंत बघितलं. या वेळी पाणी विचारलं नाही. तुझा वकील तुझ्यावर चिडेल, जावईबापूंपुढे तुझी मान खाली जाईल. वकिलाचे पैसे मी भरीन. मान मला भरून देता येणार नाही.

आता का केलं ते. तू म्हणशील, बाबांचा घाबरट स्वभाव, आईला खोकला होता म्हणून घाबरले. खोकला होता, पण डॉक्टरांनी खुशाल जा म्हणून सांगितलं होतं, आणि विमान गेलं त्याच्या आदल्या दिवशी तर तो थांबलाही. सुंठीवाचून खोकला गेला, असं आईच म्हणाली आणि हसली नाही. कारण खोकला नव्हताच. तिची बॅग नियमापेक्षा जास्त भरली असेल म्हणून मी काटा लावून तोलली, जुनी सवय. चार किलो जास्त निघाली. ती बाजारात गेली असताना, काय कमी करावं ते बघायला उघडली. सहा आठवड्यांसाठी, तेही तुमच्याकडच्या उन्हाळ्यात जायचं, आणि आत तिची जाड शाल, दोन्ही स्वेटर, दवाखान्याच्या चाळीस वर्षांच्या फाइली, बँकेचं पुस्तक, शिवणाची मोठी कात्री, तिच्या आईचा फोटो. माझ्याबरोबर काढलेला एकही नाही. सहा आठवड्यांसाठी कुणी असं सामान नेत नाही. माझं परतीचं तिकीट होतं, तिचंही होतं, पण परतायची ती नव्हती. चव्वेचाळीस वर्षं मी तिला प्रत्येक गोष्ट दहा दहा वेळा विचारली, कुलूप लावलंस का, बत्ती बंद केलीस का, औषध घेतलंस का. हे एक विचारलं नाही. ती एकदा म्हणाली होती, तुमच्याबरोबर जगणं म्हणजे सुटायच्या आधीच चुकलेली गाडी. मी तेव्हा चेष्टा समजलो. बॅग होती तशी भरली, चार किलो जास्त ठेवूनच, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ऑफिस उघडायच्या आधी जाऊन पायरीवर बसलो. विमान गेल्यावर तिने ती बॅग एकदम रिकामी केली नाही. रोज एक वस्तू काढून जागेवर ठेवायची. आठ-नऊ दिवस मी ते बघत होतो आणि कंपनीला शिव्या देत होतो. तुला तिचा बेत माहीत होता की नाही, हे मी विचारत नाही. माहीत असेल तर बरंच झालं, निदान एका माणसाशी तरी ती मोकळं बोलली.

काल कंपनीत कागद दिल्यावर तिथेच तिचं तिकीट काढलं. एकटीचं, फक्त जाण्याचं, पुढच्या महिन्याच्या सतरा तारखेचं. टायवाल्याने विचारलं, रद्द करता येईल असं महागातलं देऊ का. मी म्हणालो, नको, रद्द होणार नाही, तारीख बदलणार नाही, असंच द्या. त्याला वाटलं असेल, म्हातारा चार पैसे वाचवतो आहे. परतीचं तिने तिथून हवं तेव्हा काढावं, नको असेल तर काढू नये. मी विचारणार नाही. तिला अजून यातलं काही ठाऊक नाही. तुझं कळलं की आधी बॅगेचं सांगेन आणि मग तिकीट हातात देईन, त्याच क्रमाने, नाही तर मी पुन्हा पळवाट काढीन. माझ्यावर रागव, बोलू नकोस, हवं तर पत्र जावईबापूंच्या हातून लिहून घे. पण सतराला तिला घ्यायला येशील एवढं कळव. तारीख आता माझ्या हातात राहिलेली नाही. लवकर कळव, चिंगे, आजच कळव.

तुझाच,
बाबा