कपडेपट अक्षताला, आणि का

मी, मुक्ता गंगाराम खंदारे, वय एकाहत्तर, व्यवसाय नाटकांची वेशभूषा, राहणार नेरूळ, नवी मुंबई, हे मृत्युपत्र स्वखुशीने लिहून ठेवते. डोकं ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण सही करायला ते लागत नाहीत. यापूर्वी मृत्युपत्र केलेलं नाही; वेळच मिळाला नाही.

१. राहतं घर मुलगा आकाश याला. १९८१ साली जिंतूरहून मी आणि माझे पती कालकथित गंगाराम तळवलीला विमलबाईंच्या भाड्याच्या खोलीत आलो. तिथे लोकांचे पडदे शिवता शिवता मी नाटकांचे अंगरखे शिवायला लागले आणि त्यातून हे घर झालं. आतल्या खोलीत कचरा भरलाय, असं आकाशने पुन्हा म्हणू नये. त्याच कचऱ्यावर तो इंजिनिअर झाला.

२. शिलाई मशीन विमलबाईंच्या सुनेला, जागृतीला द्यायची होती. पण ती साक्षीदार आहे आणि साक्षीदाराला काही ठेवू नये, असा वकिलांचा सल्ला. म्हणून मशीन तिची मुलगी नमिता हिला. वकिलांनी तोंड वाकडं केलं. करू दे.

३. निर्माते कुंदनशेठ यांनी एकोणीस वर्षं जाहिरातीत वेशभूषेपुढे स्वतःच्या पत्नीचं नाव छापलं. त्या बाईंना सुईत दोरा ओवता येत नाही. मी विचारलं, तर म्हणे मुक्ताबाई, तुम्ही गावाकडून आलेल्या, तुम्हाला नाव घेऊन काय करायचंय? माझ्यामागे त्यांनी शोकसभा घेऊ नये. घेतलीच, तर आकाशने जाऊ नये. गेलाच, तर त्यांचा चहा पिऊ नये.

४. कपडेपट, म्हणजे पाच ट्रंका आणि दांडीवरचे सगळे पोशाख, मुलगी अक्षता हिला. शाळांच्या गॅदरिंगला कपडे भाड्याने देणाऱ्या एका माणसाला आकाश ते विकायला निघालाय. त्याला तो हक्क नाही.

अक्षता चार वर्षं या घरात आलेली नाही. लोक काहीबाही कारणं सांगतात, म्हणून खरं इथे लिहिते. स्वतःच्या साखरपुड्याची कोरी मोतिया साडी चुरगळू नये म्हणून तिने माझ्या दांडीवर टांगली होती. मला वाटलं, चालू नाटकाच्या तिसऱ्या अंकातली. कोरा कपडा रंगमंचावर खोटा दिसतो. म्हणून मी ती नेहमीसारखी चहाच्या पाण्यात बुडवली, विटेच्या तुकड्याने घासली, पदर दोन ठिकाणी विरवला. काम फार सुरेख झालं होतं.

तिने पाहिलं आणि म्हणाली, "आई, तुला नाटकाशिवाय दुसरं काही दिसतं का गं?"

माझ्या दांडीवर टांगलं ते नाटकाचंच, असं मी उलट बोलले. चूक माझी होती. तेव्हाच म्हणायला हवं होतं. चार वर्षं नुसती चिडचिड केली, तिच्यावर कमी आणि स्वतःवर जास्त. तिची फार आठवण येते.

हे जागृतीला वाचून दाखवलं, तर ती म्हणाली, "काकी, तू गेल्यावर वाचून तिला काय उपेग हाय? आताच सांग ना." फोन केला की आम्ही भांडतो, हे तिला माहीत नाही.

५. सबब या मृत्युपत्राची एक प्रत आजच स्पीड पोस्टाने अक्षताला पाठवत आहे. मी जिवंत असताना तिने स्वतः येऊन कपडेपट नेला, तर कलम चार रद्द समजावं. दुपारी मी घरीच असते.

सही : मुक्ता गंगाराम खंदारे

साक्षीदार :
१. जागृती हरेश मढवी, तळवली
२. प्रीतम नामा भोईर, सोसायटीचे सेक्रेटरी, नेरूळ

ठिकाण : नेरूळ
दिनांक : ९ डिसेंबर २०२५