त्या दिवशी यंत्र तू उघडलंस

प्रिय ढब्बू,

रागावला आहेस, माहीत आहे. सात वेळा फोन केला, उचलला नाहीस. म्हटलं, लिहूनच कळवावं, पत्र तरी मध्येच कापता येत नाही. आई बरी आहे. तुझा विषय निघाला की उठून स्वयंपाकघरात जाते. सोमवारच्या चौकशीला तुला बोलावलंय, हे तिला अजून सांगितलेलं नाही.

आपण वेग वाढवून विकलेल्या त्या चिप परत यायला लागल्यात. वर्षाच्या आत बंद पडल्या, अगदी तू म्हणाला होतास तशाच. याहून वेग हवा तर व्होल्टेज चढवावं लागेल, दहा टक्के वेगापायी वीज तिसऱ्या हिश्श्याने जास्त जाईल, चिप तापेल आणि लवकर मरेल, असं तू भर मीटिंगमध्ये सांगितलंस. मी तुझी ताई, वर तुझी साहेब. शहाणपणा पुरे, म्हणाले. खोक्यावर वेगाचा मोठा आकडा हवा होता ना सगळ्यांना!

आपल्या चाचणी विभागाची रीत तुला ठाऊकच आहे. सकाळी जो पासवर्ड टाकून यंत्र उघडतो, त्याच्याच नावावर दिवसभराचं काम चालतं. पुन्हा पासवर्ड टाकायचा कोणाला कंटाळा नाही? त्या दिवशी यंत्र तू उघडलंस आणि जेवणाच्या सुट्टीत राजीनामा ठेवून निघून गेलास. व्होल्टेज चढलं दुपारी. नोंदीत नाव तुझं. चोर सोडून संन्याशाला सुळी चाललीय, आणि मी तीन आठवडे तोंडात मिठाची गुळणी धरून बसलेय.

बोलावं तर अठरा वर्षांची नोकरी जाते, पुन्हा कोणी दारात उभं करणार नाही. गप्प राहावं तर तुझं नाव कायमचं जातं. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं! त्या बिनखिडकीच्या खोलीत दिवसभर पंख्यांची घरघर ऐकत बसते. दोनदा मोठ्या साहेबांच्या दारापर्यंत गेले आणि सुट्टीचा अर्ज देऊन परत आले. भित्री आहे रे मी मेली.

व्होल्टेज मी चढवलं, ढब्बू. दोन वाजून दहा मिनिटांनी, माझ्या हाताने. तू तेव्हा गेटबाहेर होतास. गेटवरच्या वहीत वेळ आहे, ती मागून घे. सोमवारी हे माझ्या तोंडून निघेल याची मलाच खात्री नाही. म्हणून खाली कंपनीच्या कागदांवर करते तीच पूर्ण सही केलीय. हे पत्र त्यांच्यापुढे ठेव. मी समोरच बसलेली असेन. माझ्याकडे बघू नकोस, बघितलंस तर ठेवणार नाहीस.

तुझीच,
ताई
(खाली पूर्ण सही)