माझा दात टीव्हीवर

८ एप्रिल १९९७, जळगाव

भिकुबाई, तू शेजारीण चांगली, पण चष्मा कपाळावर ठेवून घरभर चष्मा शोधतेस, म्हणून तारखा घालून लिहवते आहे. नाहीतर मी बोदवडला परत आल्यावर विचारशील, अक्का, इतके दिवस दिसली नाहीस ती? लिहिणारी माझी सून वच्छला, सांगणारी मी. अक्षर तिचं, अक्कल माझी.

पित्ताशयात खडे आहेत. पोटाला भोकं पाडून दुर्बिणीने काढणार. त्याची भीती नाही. भीती दाताची. आज भूल देणारे बागूल डॉक्टर आले, तोंड उघडायला लावलं आणि वरचा समोरचा दात बोटाने हलवून बघितला. म्हणाले, झोपवल्यावर घशातून श्वासाची नळी घालावी लागते, हा मध्ये येईल, आधीच काढून टाकू. मी म्हटलं, "दात मना शे, तुमना नही." राग आला की माझं साक्रीचं माहेर बोलतं.

त्यांना काय ठाऊक, उन्हात घातलेल्या ज्वारीच्या बिबड्या वाळल्या की नाही हे आपली अख्खी गल्ली या दाताला विचारते. मी पापडाचा कोपरा दाताने मोडायचा, कडक आवाज आला की मग डबा भरायचा. गेल्या साली तू आपल्या मनाने डबा भरलास आणि बिबड्यांना बुरशी आली. मी काही बोलले नाही. वच्छला म्हणते, बोललात. थोडं बोलले असेन.

ठरवलं: दात द्यायचा नाही. तंबाखूची काळी मशेरी आजपासून बंद. डॉक्टर म्हणाले म्हणून नाही, मला स्वतःलाच वाटलं म्हणून.

त्याच दिवशी, संध्याकाळ

मशेरी बंद आहे. डबी बंद करताना बोटाला लागली तेवढीच लावली. पुसून वाया कशाला घालवायची?

९ एप्रिल

जीव रमत नाही. खाटेवर बसते, उठते, खिडकीशी जाते, परत येते. नर्स म्हणाली, आजी, तुमच्यामुळे फरशी झिजेल. बिबड्यांचा हंगाम निघून चाललाय आणि मी इथे खिडकी उघडते-लावते आहे.

दुपारी बागूल डॉक्टर परत आले. आज शहाणपणाचं बोलले. नळी घालायच्या दोन तऱ्हा आहेत म्हणे. जुनी तऱ्हा, जिभेखाली पोलादी पट्टी घालून जबडा वर उचलायचा आणि आपल्या डोळ्याने सरळ आत बघायचं. त्यात डोळा आणि घसा एका रेषेत आणावे लागतात, म्हणून पट्टी दातावर दाबली जाऊ शकते. दुसरी त्यांनी स्वतः जुळवलेली. पोटाच्या दुर्बिणीचा कॅमेरा पट्टीला बांधायचा, आणि घसा बघायचा तो टीव्हीवर. कॅमेरा वळणाआड बघतो, तेवढं उचलावं लागत नाही. दोन्हींत कोणती बरी, ते मोठ्या माणसांवर करून बघताहेत.

मला लगेच उमगलं. एक म्हणजे विहिरीत डोकं खुपसून बघणं, दुसरं म्हणजे दोरीला कंदील बांधून खाली सोडणं. मी म्हटलं, कंदील सोडा. ते हसले. म्हणाले, तरी दाताला दोरा बांधून ठेवू, निघाला तर आत पडायला नको. बांधा म्हटलं. त्यांच्या समाधानासाठी.

१० एप्रिल

शेजारच्या खाटेवर मेहरूणची अमिनाबी. तिलाही खडे. तिची मान लांब, तोंड चांगलं उघडतं, म्हणून तिला जुनीच तऱ्हा. बिचारीला टीव्ही नाही. मी तिची समजूत घातली. ती म्हणाली, "अक्का, माझं तोंड कोणी नाही बघितलं तरी चालेल, खडे निघू देत." बाई साधी आहे.

मशेरी बंदच आहे. सकाळची सोडून.

११ एप्रिल

अमिनाबीचं झालं. संध्याकाळी शुद्धीवर आली तेव्हा मी मुद्दाम तिचे दात बघितले. सगळे जागच्या जागी. असो. तिचे मुळातच घट्ट होते.

उद्या माझी पाळी. ताटातलं अर्धं तसंच ठेवलं. वच्छला म्हणते, भीती वाटते का? मी म्हटलं, खड्यांमुळे.

१२ एप्रिल, सकाळ

(हे तेराला सांगून लिहवलं. त्याच दिवशी सांगितलं असतं तर वच्छलाने डॉक्टरांना जाऊन सांगितलं असतं. तिच्या पोटात काही राहत नाही.)

बागूल विचारून गेले, काही खाल्लं-प्यायलं का? देवाशपथ नाही म्हटलं, आणि ते खरंच होतं. मशेरी खातही नाहीत, पीतही नाहीत, लावतात. एवढा मोठा टीव्ही, सगळे डॉक्टर बघणार, आणि मी न घासलेलं तोंड घेऊन जाऊ? मोरीत जाऊन चांगली दाबून घासली, मागच्या हिरडीपर्यंत. पाण्याला मनाई होती म्हणून चूळ भरली नाही. नियम म्हणजे नियम.

१३ एप्रिल

खडे निघाले. शुद्ध आली तेव्हा आधी जीभ फिरवली. जागा मोकळी.

बागूल डॉक्टर खाटेशी येऊन बसले. कॅमेरा आत घातला तर टीव्हीवर नुसती काजळी. काढून पुसला, पुन्हा घातला, पुन्हा काळं. थांबायला वेळ नव्हता. कॅमेरा बाजूला ठेवला, जुनी पट्टी घेतली, लाळ पुसली आणि डोळ्याने बघून नळी घातली. जबडा जोरात उचलावा लागला. दात दोऱ्याला लटकत बाहेर आला.

म्हणाले, "आजी, मशेरी लावली होती ना?"

मी म्हटलं, "दात घासले होते."

 मग म्हणाले, नळी वेळेवर गेली नसती तर मी इथे बसून तुमच्याशी बोलत नसतो. तेव्हा मात्र माझ्या अंगावर काटा आला. हे लिहू नको म्हटलं, वच्छलाने लिहिलंच.

तसा तो दात निघणारच होता. मीच म्हणत होते.

१४ एप्रिल

माझा लोटन घरून आला. आपला पोरगा निरोप सांगताना अर्धा गिळतो, तरी समजलं. बिबड्या तू खाटेवर वाळायला टाकल्या आहेस, आणि मोडून बघायला नमुना पाठवू का, असं विचारलंस. अमिनाबीने ऐकलं आणि तोंडाला पदर लावला.

कवळी बसवून घेईन म्हणते. बागूल म्हणाले, कवळीने कडक मोडू नका. बघू. तोवर गल्लीतल्या बायका आल्या तर तूच मोडून दाखव. दोन दिवस जास्त वाळव, घाई करू नकोस, आणि अक्का म्हणाली म्हणून सांग.

नमुना पाठवू नकोस. उद्या लोटनच्या हाती घाटा पाठव, बिबडी थापायच्या आधीचा, मऊ, गरम असतानाच डब्यात भरलेला. तिखट नको. डॉक्टरांनी तेल बंद केलंय, म्हणून वरून सोडू नकोस. तळाला घाल.