गिरिधर राऊतांचा मुलगा

नागपूर
रविवार, ९ फेब्रुवारी २०२५

आदरणीय मनोहरकाकाजी,

सप्रेम जय भीम.

वर्षभर तुमच्या अंगणात पाय ठेवताना मी रामराम म्हणत आलो. आज पहिल्याच ओळीत जय भीम लिहिलं, म्हणजे अर्धं पत्र तुम्हाला कळलंच असेल. तरी पूर्ण वाचा. फाडायचंच असेल तर वाचून झाल्यावर फाडा.

सकाळी फोनवर तुम्ही म्हणालात, "काहून येत नाही गा? काकूनं पुरण शिजवून ठेवलं ना!" मी म्हटलं, कारण पत्रात लिहून पाठवतो. तुम्ही केवढे हसलात. "पत्र? आता कोण लिहिते बाप्पा पत्र? सीधी लग्नाची पत्रिकाच पाठवून दे!" मीही हसलो. मग फोन ठेवला आणि कागद पुढं ओढला. हे फोनवर सांगता आलं असतं, पण तुम्ही मधे बोलता आणि मी मधे भडकतो. दोघांपैकी एकानंही ऐकलं नसतं.

काकूंचा गुडघा कसा आहे? गांधीबागेतून आणलेला पट्टा दिवसभर बांधून ठेवायचा नसतो, त्यांना सांगा. विहिरीवरच्या मोटारीच्या स्टार्टरचे पॉइंट मी मागल्या खेपेला घासून दिले आहेत. ते उन्हाळी धानापर्यंत टिकतील, त्यानंतर नवा स्टार्टर घ्या. माझ्यावरच्या रागात मोटार जाळून घेऊ नका.

आता मुद्द्याचं.

तुम्ही मला अश्विन गिरिधर राऊत म्हणून ओळखता. त्यातलं अश्विन तेवढं खरं आहे.

मागल्या वर्षी जानेवारीत तुमच्या कामिनीच्या वर्गातली पोरं-पोरी रामटेकला गडावर आली होती, त्यांच्यात मी होतो. कॉलेज मी तोवर सोडलं होतं, पण दोस्ती सुटली नव्हती. उतरल्यावर सगळे तुमच्याकडं जेवायला आलो. ओसरीवर तुम्ही एकेकाला विचारत होता, कोणाचा गा तू, कोणाचा गा तू. माझी पाळी आली तेव्हा कामिनी पाण्याचा तांब्या घेऊन दारात उभी होती. तिच्या केसांना गडावरची धूळ होती. तिनं माझ्याकडं पाहिलं आणि माझं डोकं गेलं. मला फक्त एवढंच हवं होतं की या घरातून मला पुन्हा या म्हणावं. त्या क्षणी तुम्ही विचारलं असतं की तुला दोन पाय आहेत का, तरी तुम्हाला आवडेल तेवढेच सांगितले असते.

राऊत म्हणालो, कारण राऊत सगळ्या जातींत असतात. दोस्तांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. तुम्ही सोडणारे नव्हता. "कोणते राऊत?" मी म्हटलं, नागपूरचेच. "बापाचं नाव?" गिरिधर म्हणालो. गिरिधरशेठ म्हणजे गांधीबागेत ज्यांच्या दुकानात मी कापडाचे थान उचलतो ते. त्यांना अजून माहीत नाही त्यांना एवढा मोठा मुलगा आहे. आणि मग तुम्ही तो प्रश्न विचारला, जो तुमच्याकडं सगळे शेवटी विचारतात. "मामाचं आडनाव काय तुझ्या?"

मी म्हटलं, मामाच नाही मले.

"अरेरे!" म्हणून तुम्ही माझ्या ताटात आणखी एक पोळी टाकायला लावली. काकाजी, माझा मामा जिवंत आहे. नागसेनमामा कळमेश्वरला कारखान्यात सुपरवायझर आहे, नव्वद किलोचा माणूस. त्यानंच मला सायकल शिकवली. त्या पोळीसाठी मी त्याला मारला.

यासाठी मी तुमची माफी मागतो आहे असं समजू नका. तुम्ही तो प्रश्न विचारला नसता तर मी खोटं बोललो नसतो. तुम्ही वाईट माणूस नाही, हे मला कोणी सांगायची गरज नाही. माझ्या हाताला वायरचा चटका बसला तेव्हा तुम्ही स्वतः कोरफड कापून आणली. पण तुमच्या ओसरीवर माणूस बसायच्या आधी त्याचा मामा बसतो, आणि त्याला जागा मिळाली तरच भाच्याला पाणी मिळते. हे तुम्हाला कोणी तोंडावर सांगितलं नसेल. मी सांगून राहिलो.

कॉलेज का सोडलं, तेही तुम्हाला खोटंच सांगितलं होतं. घरची अडचण वगैरे काही नव्हती. स्कॉलरशिपच्या यादीत माझ्या नावापुढं कोणीतरी पेनानं घाण लिहिली. कोणी लिहिली ते मला कळलं आणि मी त्याला कॅन्टीनमध्ये दोन ठेवून दिल्या. सर म्हणाले, माफीनामा लिहून दे, प्रकरण मिटवू. मी म्हटलं, आधी त्याचा आणा. त्याचा कधी आला नाही आणि मीही परत गेलो नाही. तेव्हा छाती फुगवून घरी आलो होतो. ज्या नावासाठी कॉलेज सोडलं, तेच नाव आठ महिन्यांनी तुमच्या ओसरीवर एका मिनिटात खाली ठेवलं. याचा हिशेब मला लागत नाही.

आता जे लिहायचं टाळत होतो ते लिहितो.

दिवाळीनंतर तुम्ही कामिनीच्या दादाच्या लग्नाच्या पत्रिका छापायचं काम माझ्याकडं दिलं. "नागपुरात तुझी वळख असन, बरी छापून आण." मजकूर लिफाफ्यात घालून दिला. मी तो उघडला नाही, दुसऱ्याचं पाकीट उघडू नये असं बाबांनी शिकवलं आहे. आणि तो लिफाफा मी सरळ बाबांकडंच नेऊन दिला. माझे बाबा महाल भागातल्या एका छापखान्यात कॉम्प्युटरवर पत्रिका जुळवतात, पंचवीस वर्षं. मित्राच्या घरचं काम आहे म्हणालो, भाव कमी लावा.

मला काय माहीत तुम्ही आत काय लिहून ठेवलंत! काका, मामा, आत्या, किलबिल करणारी लहान पोरं, सगळ्यांची नावं झाल्यावर खाली व्यवस्थापक म्हणून तुम्ही माझंच नाव घातलं होतं. मला चकित करायचं म्हणून. अश्विन गिरिधर राऊत, नागपूर. आणि पुढं माझा मोबाइल नंबर.

बाबांना माझा नंबर पाठ आहे.

त्या संध्याकाळी बाबा घरी आले, हातपाय धुतले, जेवायला बसले. जेवता जेवता खिशातून एक पत्रिका काढून माझ्या ताटाजवळ ठेवली. म्हणाले, "नंबर बरोबर आहे का पाहून घे. नाव तं कागदावर जसं होतं तसंच लावलं. गिऱ्हाइकाच्या नावात आपण हात नाही घालत."

आईनं विचारलं, "कोणाची जी पत्रिका?"

"एका राऊताची आहे," बाबा म्हणाले. "पोरगा चांगला दिसते. लोकाईच्या लग्नात राबून राहिला."

बस. एवढंच. ओरडले असते तर मी ओरडलो असतो, आमच्या घरी ते रोजचंच आहे. ते वरण ओरपत राहिले. पाचशे पत्रिका त्यांनी छापल्या, काकाजी, एकही चूक न करता. तुमच्या घरी एखादी उरली असेल तर काढून पाहा. ते नाव किती सुबक बसवलं आहे.

आणि त्यानंतरही मी लग्नाला आलो. हे सगळ्यांत वाईट. बाबा म्हणाले, "जाय, नाव छापलं आहे तुह्यं," आणि मी आलो. दोन दिवस मांडवात पळत होतो. "राऊत, बुंदी इकडं!" "ओ राऊत, बत्ती गेली ना बे!" आठवते? दादाच्या नवरीचं माहेरचं नाव भावना. तुमच्या रिवाजाप्रमाणं ताटातल्या तांदळात अंगठीनं राधिका लिहिलं, आणि दुसऱ्या दिवशी सगळे तिला राधिका म्हणून हाका मारायला लागले. बिचारी तिसऱ्या हाकेला वळून पाहायची. तुमच्या बहिणी हसत होत्या, "बहिरी आहे का वं सून?" मी तिथंच पाण्याची टाकी भरत होतो. मला राऊत म्हणून हाक आली की मी पहिल्याच हाकेला ओ देत होतो. तिला जबरदस्तीनं दिलेलं नाव तिच्या अंगाला लागत नव्हतं. मी स्वतः उचललेलं मला बरोबर बसलं होतं.

मागल्या रविवारी तुम्ही मला बांधावर नेऊन म्हणालात, "कामिनी तुले पसंत आहे हे मले दिसत नाही का? आंधळा नाही मी. पुढच्या रविवारी बाबाले घेऊन येजो. राऊत घराणं आहे, मले काही हरकत नाही." तुम्ही माझ्या पाठीवर हात ठेवला. मी तुमच्या पाया पडलो. तुम्हाला वाटलं आनंदानं. पण मला तुमच्यापासून तोंड लपवायचं होतं.

दुकानातला एक दोस्त म्हणाला, गिरिधर राऊत उभा करू ना, माझा काका आहे, नाटकात काम करते. खोटं कशाला बोलू, एक रात्र मी विचार केला. लग्न लागून जाईल, मग कळलं तर कळलं. मला कामिनी पाहिजे. तिच्याशिवाय मला गांधीबागेतला एकही रंग ओळखू येत नाही, परवा हिरवं थान मागितलं तर शेठपुढं निळं टाकलं. ती हो म्हणाली असती तर मी तो नाटकवाला काका घेऊन आज तुमच्या पुरणावर बसलो असतो. हे मी लपवत नाही.

तिला कॉलेजच्या पहिल्या महिन्यापासून माझं खरं नाव माहीत आहे. नाटकवाल्या काकाचा बेत तिला सांगितला तर ती होस्टेलच्या फाटकापाशी उभी राहून म्हणाली, "मले राऊताच्या घरी नाही जाचं. त्या घरात राहते कोण? सासू कोण आहे माही तिथं? बोल ना! आतापर्यंत तुह्यं चालू दिलं, ती माही चूक. आता बस." आणि फाटक लावून घेतलं. तीन दिवस माझ्याशी बोलली नाही. चौथ्या दिवशी मी म्हटलं, काकाजींना मीच लिहितो. तेव्हा बोलली.

तर लिहितो. माझ्या वडिलांचं नाव संघपाल. माझे आजोबा देवराव सोळा वर्षांचे असताना, छप्पन साली, बापाचं बोट धरून दीक्षेला गेले होते. त्यांच्या आधी आमच्या घरात उकंड्या, धोंड्या अशी नावं होती, हाक मारणाऱ्याच्या सोयीची. आजोबांना मुलगा झाला तेव्हा ते चार दिवस विहारात जाऊन नावं ऐकत बसले आणि संघपाल निवडून आणलं. आमच्या घरात कोणीतरी स्वतः निवडलेलं ते पहिलं नाव. मी ते तुमच्या ओसरीवर बदलून कापडवाल्याचं घातलं. आणि आमचं आडनाव रामटेके. मिलमध्ये नोकरी लागली तेव्हा पणजोबा कोणत्या गावाहून आले होते, ते आडनावातच आहे. तुमच्या सातबाऱ्यावर रामटेक तालुका लिहिला आहे. आम्हाला तो नावाला लावून निघावं लागलं. तेव्हा मला परका म्हणायच्या आधी थोडं थांबा.

उद्या सोमवारी आम्ही दोघं विवाह नोंदणी कार्यालयात नोटीस देणार आहोत. ती तिथल्या फलकावर तीस दिवस लागते, दोघांची पूर्ण नावं आणि पत्ते घालून. कामिनी मनोहरराव चौधरी. तिचं नाव लग्नानंतर तेच राहील, तांदळाचं ताट आमच्याकडं नाही. ही नोटीस कोणीतरी तुमच्या कानावर घालेलच. त्याच्या तोंडून कळण्याआधी माझ्याकडून कळावं, म्हणून हा खटाटोप. तुमचे चुलतभाऊ चिडतील हे मला माहीत आहे. पत्ता पाकिटावर आहे. गल्ली अरुंद आहे, गाडी चौकात ठेवायला सांगा आणि चालत या. मी घरीच आहे. कामिनीला फोन करून धमकावू नका, तिच्यापुढं तुमचंच काही चालणार नाही.

या पत्राच्या शेवटी मी आधी लिहिलं होतं, "माझ्या हातून चूक झाली, मला माफ करा." शुद्धलेखन तपासायला बाबांना वाचायला दिलं. त्यांनी पूर्ण वाचलं, दोन वेलांट्या नीट केल्या. मग त्या ओळीवर आडवी रेघ मारली. म्हणाले, "हे माह्यासाठी असन तं मले तोंडानं सांग. त्याईच्या कागदावर काहून लिहून राहिला?"

मी सांगितलं, तोंडानं. काय बोललो ते तुम्हाला लिहीत नाही.

लग्नाला तीन साक्षीदार लागतात. एक माझे बाबा, दुसरे नागसेनमामा. तिसरी जागा आम्ही मोकळी ठेवली आहे. आक्षेप घ्यायचा असेल तर तोही त्याच खिडकीवर घेतात, मी विचारून आलो. वय, आधीचं लग्न, जवळचं नातं, वेड, एवढंच विचारतात. मामाचं आडनाव विचारत नाहीत. बारा मार्चपर्यंत वेळ आहे. जे करायचं ते करा, पण चुलतभावाला पुढं करून नको. साक्ष असो की आक्षेप, दोन्ही कागदांसाठी माणसाला स्वतः यावं लागते आणि आपलं पूर्ण नाव लिहून सही करावी लागते.

मी माझं लिहितो.

अश्विन संघपाल रामटेके