खिडकीकडची नॉट ओन्ली, दाराकडची बट ऑल्सो

बाई, परवा माझ्या लेकीची हळद झाली, काल लग्न झालं, आणि आज सकाळी मांडवातल्या खुर्च्या न्यायला टेम्पो यायच्या आत मला हे तुम्हाला सांगायचंच आहे. घरात सगळे घोरतायत. मला कसली झोप! अहो, मी इंग्रजी बोलले! तुमची ती सातवीतली, खिडकीकडच्या रांगेतली, इंग्रजीचं पुस्तक उघडलं की जी बाकाखाली लपायची, तीच मी, भरल्या मांडवात बोलले. तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, आणि परवा पहिल्यांदा तुमचा राग आला. तोही कौतुकासकट. ऐका आता.

तुम्ही चौलहून आमच्या उरणकडच्या शाळेत आलात तेव्हा आम्ही सगळ्या मिठागरावरच्या पोरी. आमचं बोलणं ऐकून तुम्ही हसला नाहीत, म्हणून मला तुम्ही पहिल्याच दिवशी आवडलात. मग आमच्या आळीत एक लग्न निघालं. पाहुणे जेवले आणि गेले, तुम्ही मात्र धवलारणीपुढे मांडी घालून बसलात. आमच्यात भटजी नंतर, आधी धवलारीण. तीच धवले गाते, गाण्यानेच देवांना बोलावते, गाण्यानेच हळद लावते. ती अर्धी ओळ टाकते आणि मागच्या बाया उरलेली अर्धी उचलतात. कुणी उचलली नाही तर ती पुढे जात नाही, थांबून राहते. ते बघून तुम्हाला काय झालं कोण जाणे, सोमवारी वर्गात आलात ते डोळे लखलखतच. ‘‘अगं, ईदर आला की ऑर येणार! नीदरला नॉर लागतो! नॉट ओन्ली म्हटलं की बट ऑल्सो आलंच पाहिजे! तुमचा धवलाच आहे की हा, आणि मी वेडी फळ्यावर लिहून पाठ करून घेत बसले!’’ लगेच आम्हाला उठवून समोरासमोर बसवलंत. खिडकीकडच्यांनी टाकायचं, दाराकडच्यांनी उचलायचं. माझ्यासमोर दाराशी आमच्या शेजारच्या मिठागरावरची पोर. मी ओरडायचे, ‘‘नीदर भात!’’ ती ओरडायची, ‘‘नॉर भाकर!’’ आणि मागून कुणीतरी, ‘‘मंग खाल्लास काय गो?’’ तुम्हीच टेबल धरून हसायचात. एकदा जोशात येऊन मी दोन्ही शब्द एकटीनेच म्हणून टाकले, तर केवढ्या चिडलात! ‘‘दुसरीच्या तोंडचा घास काढू नकोस. तू टाक आणि थांब.’’

थांबले हो, बाई. जन्मभर थांबले! कारण रांगा बदलायच्या आधीच तुमची बदली झाली, आणि आमच्या वर्गातल्या पोरींना आजतागायत जोडीतला आपापला एकच शब्द तोंडावर येतो. लग्नानंतर मी नवऱ्याच्या ट्रेलरच्या धंद्यात फोन घ्यायला बसले. एक साहेब इंग्रजीत गाडी मागत होता. मी ऐटीत म्हटलं, ‘‘ईदर टुडे...’’ आणि थांबले. तोही थांबला. मी वाट बघतेय, तो वाट बघतोय. शेवटी हॅलो हॅलो करत त्याने फोन ठेवला आणि नवरा म्हणाला, ‘‘काय गो, तुझी इंग्लिश पंक्चर झाली काय?’’ तेव्हापासून मी इंग्रजीच्या वाटेला गेले नाही.

आणि लेकीने जावई आणला तो केरळचा! माणसं गोड, पण मराठी कुणाला येत नाही, हिंदी जेमतेम. इंग्रजी मात्र सगळ्यांना, त्याच्या आजीलासुद्धा. विहीणबाईंनी लेकीला फोन करून गोडीत सांगितलं की त्या गाण्यातलं आम्हाला काही कळणार नाही, तर दहा मिनिटं फोटोपुरतं ठेवू, मग डीजे लावू. मी हे धवलारणीच्या कानावर घातलं. म्हातारी आता थकली आहे, पण आमच्या आळीतली एकही हळद तिच्याशिवाय लागलेली नाही. तिने पानाला चुना लावला आणि म्हणाली, ‘‘धा मिनिटान देव येतान व्हय गो? धवला अर्धा टाकाचा न्हाय. अर्धाच पायजे त मना बोलवू नका.’’ झालं! धवल्याशिवाय माझ्या लेकीला हळद लागायची? तेवढ्यात लेक तिकडे फोनवर सांगून मोकळी झाली, ‘‘पूर्ण धवला होईल. आई सगळं इंग्रजीत समजावून सांगेल.’’ आई! म्हणजे मी! मी तिला म्हटलं, ‘‘अगं ए शहाणे, मी कधी इंग्रजी बोलले?’’ ती म्हणाली, ‘‘तूच सांगतेस ना, तुझ्या बाईंनी शिकवलं म्हणून? त्याची आजी कंटाळली तर विहीणबाई डीजेवाल्याला खूण करणार आहेत. बघ बाई तूच.’’

तर परवाची संध्याकाळ. पाटावर लेक बसलीय, समोर केरळची मंडळी, कोपऱ्यात डीजेवाला बटणावर बोट ठेवून. धवलारणीने आवतणं सुरू केली. गावदेवीला या म्हणाली, खाडीलाही या म्हणाली, आणि माझ्याकडे बघून थांबली. मी उभी राहिले. म्हटलं, ‘‘शी इज कॉलिंग नॉट ओन्ली द गॉडेस...’’ आणि संपलं, बाई! टाकलं आणि थांबले! पुढचा शब्द कधी माझा नव्हताच. विहीणबाईंनी मान वळवली. डीजेवाला बटण दाबणार, आणि मांडवाच्या मागून, वड्यांच्या चुलीवरून, खणखणीत आवाज आला, ‘‘बट ऑल्सो द खाडी!’’

तीच हो! दाराकडची! आता गावातल्या लग्नांना वडे तळते. हात पिठाने माखलेले, कपाळावर घाम, झारा हातात घेऊन तशीच पुढे आली आणि माझ्यासमोर उभी राहिली, वर्गात राहायची तशी. मग काय विचारता! होडीने या नाहीतर वाटेने या, असं म्हातारी गायली. मी म्हटलं, ‘‘ईदर बाय बोट,’’ ती म्हणाली, ‘‘ऑर बाय रोड!’’ गरीब सोडू नका, श्रीमंत सोडू नका. ‘‘नीदर द पुअर,’’ ‘‘नॉर द रिच!’’ व्याकरण असेल नसेल, आम्हाला शुद्ध कुठे होती! थोड्या वेळाने मी नॉट ओन्ली म्हटलं की जावयाची आजीच टाळी वाजवून बट ऑल्सो ओरडायला लागली, आणि तिच्यामागून त्यांच्या सगळ्या बायका. डीजेवाला खुर्चीवर बसून वडा खात होता. म्हातारी काय खुलली म्हणून सांगू! ठेवणीतले धवले काढले तिने.

शेवटी घरातल्या गेलेल्या माणसांना आवतण असतं. सासूबाई झाल्या, सासरे झाले, माझे आईवडील झाले. धवलारणीने विचारलं, ‘‘आजून कोन ऱ्हायलं गो?’’ माझ्या तोंडून निघालं, ‘‘माझी मावशी. चौलची.’’ तिने माझ्याकडे रोखून पाहिलं. माझ्या आईला बहीण नव्हती हे तिला पक्कं ठाऊक. तरी चौलच्या मावशीला बोलावलं तिने, सुरात, दोनदा.

हळद लागली. मैत्रीण वडे जळतील म्हणून चुलीकडे पळाली, आणि जावयाच्या आजीने माझा हात धरून मला शेजारी बसवलं. शेवटी दोनदा बोलावलं ती कोण, म्हणून इंग्रजीत विचारलं. मी म्हटलं, ‘‘शी इज नॉट ओन्ली माय आंट...’’ आणि सवयीने थांबले. चुलीकडे पाहिलं. मैत्रीण पाठमोरी, तेलाचा आवाज, तिला काही ऐकू गेलं नव्हतं. आजी माझ्या तोंडाकडे बघतेय. मग मोडली तुमची शिस्त, बाई. दुसरीचा घास मीच घेतला. ‘‘बट ऑल्सो माय टीचर,’’ म्हटलं, आणि हळदीच्या हातांनी तोंड झाकून रडले. सगळं तोंड पिवळं झालं, आणि आजी म्हणाली की नवरीपेक्षा तूच छान दिसतेस.

टेम्पोचा हॉर्न वाजतोय. तुमच्या चौलच्या घराचा पत्ता मला माहीत आहे, तरी हे पत्र तिकडे पाठवायची नाही. तुमची माणसं वाचतील आणि विचारतील, ही भाची कुठली? नात्याबाहेरच्या माणसाला त्या आवतणात जागा नसते, म्हणून मी खोटं बोलले, आणि ते खोटं मला मोडायचं नाही.