निशाणवाला मागच्या रांगेत

रोझ हिल, शनिवार संध्याकाळ, जून १९८१

बो बासेंला दादाच्या घरून येऊन तास झाला, तरी ते टेबल डोळ्यांपुढून हलत नाही. नेहमीसारखे दादा आणि मी टेबलावर शिशाचे सैनिक मांडत होतो. खेळ सुरू करण्याआधी पलटण उभी करायची. निशाणवाला पहिल्या रांगेत मधोमध, त्याच्या शेजारी अंमलदार. हे मला दादानेच शिकवलं, मी फ्रॉक घालत होते तेव्हा.

आज त्याने निशाणवाल्याला मागच्या रांगेत ठेवलं, तोंड भिंतीकडे करून. अंमलदार नुसता हातात धरून बसला.

"हा कुठे उभा राहतो गं?" त्याने विचारलं.

चेष्टा करतोय असं वाटलं. पण तो माझ्याकडे बघतच राहिला.

"बरं वाटत नाही का, दादा?"

"कोरेक, कोरेक, ठीक आहे मी," तो म्हणाला, पण डोळे घाबरलेले होते.

मी निशाणवाला उचलून पुढे ठेवला. दादा थकला असेल? पण निशाणवाला चुकावा, आणि दादाकडून? हाच माणूस रोज सकाळी नातवंडांना मोटारीने शाळेत सोडतो.

निघताना त्याच्या सुनेला, मालतीला, फाटकापाशी गाठून सगळं सांगितलं. काहीतरीच काय, असं ती म्हणेल अशी मला आशा होती.

"गेल्या सोमवारपासून मी पोरांना बसने पाठवतेय, आत्या," ती हळूच म्हणाली. "बाबांना सांगितलंय, मोटार बिघडली आहे."