पिसोरी येईल अशी जागा

शनि. २ ऑगस्ट २०१४
नाष्ट्याला पुन्हा तेच. मीनल म्हणाली, तिकीट रद्द करू. तिचे वडील, नाना, म्हणाले, हात तर लावून बघ. जावयाने अशा वेळी इडलीकडे बघावं, तसं मी बघितलं.
डॉक्टर काय म्हणाला ते सासरेबुवा सोडून सगळ्यांनी ऐकलं. काचबिंदू. कडेचं दिसणं गेलंय, समोरचं नळीतून बघावं तेवढं उरलंय. मीनलचं म्हणणं, गावच्या घरी एकटं सोडणार नाही, इथेच सिंगापुरात ठेवू, राहण्याचा लाँग टर्म पास काढू. नानांचं म्हणणं, गणपतीला घर बंद ठेवणार नाही, वीस तारखेचं विमान, विषय संपला.
आमची तन्वी तिच्या सिंगापुरी इंग्रजीत मध्ये पडली, "आजोबा, स्टे हिअर लाह. वी हॅव एसी." नानांना एसीने सर्दी होते.

रवि. ३ ऑगस्ट
हे एक नवीनच झेंगट. तन्वीच्या शाळेच्या प्रोजेक्टमध्ये पुलाउ उबीन बेटावरच्या प्राण्यांची चित्रं. नानांनी कागद नाकाला चिकटवला आणि ओरडले, "अगं, ही तर पिसोरी!" सशाएवढं हरीण. लहानपणी चुलतभावाबरोबर तिरकमठा घेऊन तिच्या मागे फिरायचे म्हणे. झाडावर मचाण, खाली पडलेली फळं.
मीनल म्हणाली, "नाना, तुम्हाला समोरचा रिक्षावाला दिसत नाही, पिसोरी कुठली दिसणार?" झालं. म्हातारा पेटला. "जागा मी निवडतो. तिथे पिसोरी आली तर मी माझ्या तिकिटावर परत. नाही आली तर तुझ्या पासावर मुकाट सही करतो."
मीनल हसत हसत हो म्हणाली. चित्रात असली तरी सिंगापुरात कुणाला दिसलीय पिसोरी! पंच मी. कारण काय, तर म्हणे मी खोटं बोललो की माझे कान लाल होतात. बावीस वर्षांच्या संसाराची ही पावती.

गुरु. ७ ऑगस्ट
रॅफल्स प्लेसला मीटिंगमध्ये होतो तर नानांचा फोन. "जावईबापू, वारा कुठून आहे?" म्हटलं, नाना, इथल्या खिडक्या उघडत नाहीत हो. "मग माणसं जगतात कशी?" बॉस माझ्याकडे बघत होता. घरून फोन आहे म्हणालो.
संध्याकाळी विचारलं, मचाण बांधायचंय की काय? इथे झाडाला दोरी गुंडाळली तरी दंड करतील. नाना विचारात पडले. मग म्हणाले, "जमिनीवर बसू. पण बंदुकीला जागा कुठलीही चालते. तिरकमठ्याला जनावर अंगणात आल्यासारखं जवळ लागतं. तशी जागा हवी." तिरकमठा नाहीये, नाना. "डोळे तर आहेत ना! तेही तेवढ्यापुरतेच." स्वतःहून कबूल केलं, हे पहिल्यांदाच.

शनि. ९ ऑगस्ट
नॅशनल डेची सुट्टी. पहिल्या बोटीने उबीन. नाना माझं कोपर धरून चालतात. धरलं म्हणायचं नाही, "सोबत म्हणून हात ठेवलाय."
मी दाखवलेली पहिली जागा, छान सावली, बाकडं. "बाकडं बघून जागा ठरवता? लग्नाला आलायत?" दुसरीकडे डुकरांनी जमीन नांगरून ठेवलेली. तिसरीकडे सायकलवाल्यांचा रस्ता इतका जवळ की घंटा कानात.
मग वस्तीच्या मागे, पडक्या घराची नुसती सिमेंटची पायरी उरलीय तिथे नाना थांबले. वर जांबाचं झाड, खाली सडा. वाकून मातीवर बोटं फिरवत बसले. मला वाटलं चष्मा पडला. माझं बोट धरून एका खळगीत ठेवलं. नखाएवढा खुराचा ठसा! अंगावर काटाच आला.
खिशातून उदबत्तीची राख काढली, चिमूटभर सोडली. "कुठे गेली?" "मागे, आपल्या अंगावर." "म्हणजे वारा तोंडावर. जागा ठरली." राख कुठे जाते ते मलाच विचारावं लागलं, हे दोघांनाही कळलं.

रवि. १० ऑगस्ट
बसलो. डास. काहीही आलं नाही. आमच्या मागून एक डुक्कर आलं, हुंगलं आणि जिवाच्या आकांताने पळालं.
नानांनी खापर लेकीच्या लसणाच्या चटणीवर फोडलं. अहो, स्वतः दोन्ही गुडघ्यांना बाम चोपडून आलेले! वारा तिथे गोल फिरत असणार, सगळ्या बेटाची सर्दी बरी झाली असेल. बोटीत तसं म्हणालो तर रुसले. मग हसायला लागले. खूप हसलो दोघं. हा माणूस मला आवडायला लागलाय. इतकी वर्षं नुसताच वाकून नमस्कार करत होतो.

शुक्र. १५ ऑगस्ट
मीनलने पासाचे कागद काढून टेबलावर ठेवलेत. स्वयंपाकघरात रडली. "मला काय हौस आहे का रे त्यांना कोंडायची? विहिरीवर गेले आणि पाय चुकला तर मला फोनच येणार ना!" तिचं बरोबर आहे. त्यांचंही बरोबर आहे. पंचाला झोप नाही.

शनि. १६ ऑगस्ट
शेवटची संधी. साबण नाही, बाम नाही, चटणी नाही. गुडघे धरून नाना बोटीतून उतरले, हूं की चूं नाही.
राख पुन्हा सोडली. या वेळी पायरीवर न बसता झाडाच्या बुंध्याला पाठ लावून. आभाळ ढगाळ, वारा सरळ.
आणि आली. खरंच आली! डावीकडून, काडीसारखे पाय, पोटाखाली पांढरं. नानांच्या चपलेपासून दोन हातांवर थांबून जांब खायला लागली. मी श्वास घेईना. हात लावून सांगावं तर पळेल, बोलावं तर पळेल.
नाना सरळ समोर बघत होते. अगदी मन लावून. ओठातल्या ओठात म्हणाले, "आता येईल."
ती कान हलवत खात होती. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, पुसताही येईना. मग कुठेतरी सायकलची घंटा वाजली आणि पिसोरी पसार.
बोटीत नानांनी दोन्ही गुडघे चोळले. मग, "आली होती ना?"
"हो."
"डावीकडे?"
"हो, नाना."
"जांब चावल्याचा आवाज आला. मला वाटलं खार असेल." मग म्हणाले, "जागा बरोबर निघाली, जावईबापू."
दाराशी मीनलने एवढंच विचारलं, "आली?" आली म्हणालो. कान लाल नव्हते. तिने टेबलावरचे कागद उचलले.

मंगळ. १९ ऑगस्ट
उद्याचं विमान. मीनल दुपारपासून बॅग भरतेय. गणपतीचे मोदकाचे साचे, डोळ्यांचे थेंब, एका चिठ्ठीवर मोठ्या अक्षरात शेजारच्या काकांचा नंबर. तीन दिवसांत तिने बाकी काही विचारलं नाही. मीही सांगितलं नाही. पैज येण्याची होती, आणि ती आली होती. असं मी स्वतःला सांगतोय.
संध्याकाळी धोतरांच्या घड्या घालता घालता, माझ्याकडे न बघता म्हणाली, "श्री, पिसोरी आली ते कळलं. त्यांना दिसली का रे?"
मी काही बोलायच्या आत हॉलमध्ये नानांनी टीव्हीचा आवाज बंद केला.